बसलेल्या माणसाचा कोट

या सदरात बहुतेक जण सुरुवातीलाच छातीठोकपणे लिहितात, की माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. माझं तसंही नाही हो. मी कापड दुकानदार माणूस. गिऱ्हाइकापुढं दिवसभर तागे उलगडायचे आणि ते 'बघून येतो' म्हणून गेलं की परत गुंडाळायचे. विश्वास ठेवायला आणि न ठेवायला, दोन्हीला सवड नव्हती. कुणी भुताचं सांगायला लागलं की मला जांभई यायची, आजही येते. ही हकिगतसुद्धा मी इतक्या जणांना सांगितली आहे, की आता कंटाळा आलाय... ऐकणारा प्रत्येक जण मलाच त्याचं कारण समजावून सांगतो. म्हणून एकदाच लिहून काढतो आणि मोकळा होतो.

गाव दिंद्रुड, तालुका माजलगाव. वर्षं नव्वदच्या दशकातली मधली. गावात नुकताच पहिला एसटीडी बूथ लागला होता, केबलवर परदेशी चॅनल दिसायला लागले होते, आणि पोरांना शिंप्याकडचे कपडे एकाएकी नकोसे झाले होते. ज्याला त्याला रेडिमेड पाहिजे. आमचं दुकान आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, धोतर-लुगड्यांवर उभं केलेलं. ते धोतर-लुगडं तर कधीच मागं पडलं होतं, आता शर्टपीसही पडून राहायला लागले. मग मी जुन्या गरम कपड्यांच्या गाठी आणायला लागलो. परदेशात वापरून टाकलेले स्वेटर, कोट, जर्किनं गाठी बांधून बंदरावर उतरायची आणि तिथून व्यापाऱ्यांच्या हातून फिरत फिरत आमच्यासारख्यांकडं यायची. दिवाळी झाली की आमच्या भागातली माणसं ऊसतोडीला निघतात. फडात थंडी मरणाची. त्यामुळं निघायच्या आधी असला माल बरा खपायचा.

आता आप्पांचं सांगतो, कारण सगळं त्यांच्यापाशीच आहे. आप्पांना दमा होता. त्या वर्षी तो असा वाढला, की त्यांना आडवंच होता येईना. पाठ टेकली की जीव घाबरा व्हायचा. दिवसा दुकानात, रात्री घरी, लाकडी खुर्चीत बसून. झोपही बसून. वर थंडी वाजायची, दोन-दोन घोंगड्या घेऊन माणूस कुडकुडायचं. आई, माझी बायको आणि मी पाळीपाळीनं जवळ बसायचो. घरात कुणाचीच झोप पुरी होत नव्हती, आणि झोप नसली की माणसं एकमेकांवर कशी खेकसतात ते ज्यानं काढलंय त्यालाच ठाऊक. त्यात आई न्हाणीत घसरून पडली. उजव्या मनगटाला प्लॅस्टर, पार बोटांच्या पेरांपर्यंत. हाड नीट जुळेना म्हणून ते संक्रांत आली तरी निघालं नव्हतं.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत, समाधी देतात. तीही बसवून. मांडी घातलेली, पाठ ताठ, डाव्या हातात गळ्यातलं लिंग. त्यामुळं जीव गेला, की अंग गरम आहे तोवर लगेच भिंतीला टेकवून बसवावं लागतं. उशीर झाला तर अंग ताठतं, आणि मग...

उमापूरला आप्पांचे चुलतभाऊ वारले तेव्हा असा उशीर झाला होता. आप्पा आणि मी, दोघंही गेलतो. चार माणसांनी जोर लावून त्यांचे गुडघे वाकवले. आम्ही अंगणात होतो तरी आवाज आला. आप्पा त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात, गिऱ्हाईक नसताना मला म्हणाले, "शिवा, एक ध्यानात ठेव. मला बसवायचं, मोडायचं न्हाई."

मी म्हटलं, "आप्पा, काहीतरीच काय बोलता सकाळी सकाळी!"

"काहीतरीच न्हाई. ऐक. जन्मभर कुणाचा शब्द मोडला न्हाई मी. माझी हाडं कावून मोडायची? कबूल कर."

मी कबूल केलं. करायला काय जातं, तेव्हा दमा एवढा नव्हता.

तर त्या दिवाळीनंतरच्या गाठीत हे जॅकेट निघालं. गडद तपकिरी चामडं, मानेला लोकरीची कॉलर, कमरेला आणि मनगटाला विणीची पट्टी कसर लागून थोडी खाल्लेली. पुढं पितळी चेन. चेनीच्या आत चामड्याची उभी पट्टी, आणि तिच्यावर बारीक भोकं पाडून तीन इंग्रजी अक्षरं काढलेली. छातीवर डावीकडं टाक्यांची चौकोनी खूण होती, म्हणजे तिथं कधीतरी नावाची पट्टी होती आणि कुणीतरी उसवून काढलेली. माल एक नंबर. पण खपेना! पोरांना तेव्हा पिक्चरमधल्या हिरोसारखं ढगळ, मांडीपर्यंत येणारं पाहिजे असायचं. हे घातलं की कमरेवरच संपायचं, खांद्यात आवळायचं आणि बाह्या मात्र तळहातावर यायच्या.

एक जण आरशापुढं उभा राहून म्हणाला, "हे काय बे! वरून बारक्याचं आन् हातानं मोठ्याचं. कुण्या टेलरनं शिवलंय?"

चेनीचा तर ताप निराळाच. खालचा खिळा डबीत बसायचाच नाही. मी, माझी बायको, गिऱ्हाइकं, सगळ्यांनी खटपट केली. मध्येच अडायची, नाहीतर दात सोडून मोकळी व्हायची.

गावात भगवानराव म्हणून होते, विमानदलातून रिटायर झालेले. तिथं विमानांची दुरुस्ती करायचे. आमच्या दुकानात रोज येऊन बसायचे, आणि कशावरूनही गाडी विमानावर आणायचे. मिरचीचा भाव विचारला तरी विमान. मला त्यांचा वैताग होता, पण आप्पांना त्यांच्याशिवाय करमायचं नाही. त्यांनी ते जॅकेट बघितलं आणि जागेवरून उठलेच.

"अरे येड्या, हे उभं राहून बघायचं कापड न्हाई! हे पायलटचं हाय. पायलट कधी उभा राहतो का? तो बसून असतो. म्हणून कंबर आखूड, लांब असती तर बसल्यावर पोटात गोळा झाला असता. हात सदा पुढं, म्हणून बाही लांब. पाठीला खांद्यामागं ह्या दोन चुण्या बघ, हात पुढं ताणले की उघडतात. आन् काखंचा काट बघ किती वर हाय... हात उचलला तरी कोट वर सरकत न्हाई. आत एक शर्ट, लई तर पातळ स्वेटर. अंगाबरोबरच बसायला पाहिजे, ढगळ असलं की वारं शिरतं. गळ्याला रेशमी रुमाल, सारखी मान फिरवून कॉलर घासू नये म्हणून. हे बसलेल्या माणसाचं माप हाय, शिवा."

आप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. श्वासाचा आवाज चाललेला. घोंगडी घसरली होती. भगवानराव थट्टेनं म्हणाले, "आप्पा, आपल्या गावात तुमच्यावाणी बसून राहणारं कोण हाय? तुमीच घाला." आणि खरंच त्यांच्या अंगावर ते चढवलं.

मला वाटलं आता आप्पा भडकणार. त्यांनी जन्मात कमरेला चामड्याचा पट्टा बांधला नव्हता. पण छे! त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर पुढं ठेवले. बाही बरोब्बर मनगटावर आली. कंबर कमरेवर बसली. मग त्यांनी डाव्या हातानं डबी दाबून धरली, उजव्या हातानं ओढलं आणि चेन खालपासून गळ्यापर्यंत एका दमात वर गेली. चर्रर्र.

"आत ऊब हाय रे," आप्पा म्हणाले. "कुणीतरी आत्ताच काढून दिल्यागत."

मी म्हटलं उन्हात ठेवलं होतं म्हणून असेल. उन्हात ठेवलं नव्हतं, पण तेव्हा मी तेवढा विचार केला नाही. त्यांचा श्वास हळूहळू खाली बसला, एवढंच माझ्या ध्यानात आलं. आणि आप्पा तिथंच, दुकानात, गिऱ्हाइकांच्या गडबडीत झोपले. कित्येक दिवसांनी.

घरी आईनं मात्र आकाशपाताळ एक केलं. "चामडं! आन् गळ्यात लिंग! अहो, म्हातारपणी डोकं फिरलं का तुमचं?" मग तोड निघाली. आत शर्ट, त्यावर उपरणं गळ्याभोवती घेऊन छातीवर घडी, आणि मग जॅकेट. पूजेच्या वेळी काढायचं. आमचे जंगम अय्या, म्हणजे आमच्यातले पुजारी, एकदा घरी आले. त्यांनी बघितलं आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "औषध म्हणून चालतंय."  आईनंच नंतर त्या विणीच्या पट्ट्या डाव्या हातानं जमेल तशा टाके घालून सावरल्या.

दीड-दोन महिने आप्पांनी ते अंगावरून उतरवलं म्हणून नाही. फक्त संध्याकाळी पूजेपुरतं मी काढायचो. चेन मात्र तेच उघडायचे, दुसऱ्या कुणाचं ऐकायचीच नाही ती. मग एक-एक हात बाहेर काढून द्यायचे, थकून, अगदी सैल सोडून. आम्हाला थोडी झोप मिळायला लागली. मी तर त्या जॅकेटला हात जोडायचा बाकी होतो.

संक्रांतीच्या आसपास त्यांचं एकदम बिघडलं. कलीम, माझा शाळेपासूनचा दोस्त, त्याची जीप होती. आप्पांना पुढच्या सीटवर बसवून, जॅकेटसकट, बीडला नेलं. दवाखान्यात सुया लावायच्या म्हणून जॅकेट काढलं आणि माझ्या हातात दिलं. ते नंतर माझ्या हातातच राहिलं.

सकाळी चहावाला वॉर्डात आला तेव्हा आप्पा गेले.

मी तिथल्या माणसांना सांगितलं, आमच्यात बसवावं लागतं, एवढं करू द्या. ती माणसं वाईट नव्हती. पण तिथं कुणाला बसवून ठेवायला जागा नव्हती, डॉक्टर यायचे होते, सही व्हायची होती. चादरीत गुंडाळून, पाय सरळ बांधून आप्पांना आडवं ठेवलं. ज्या माणसाला सहा महिने आडवं होता आलं नाही त्याला आडवं ठेवलं. मी बाहेर बाकड्यावर जॅकेट मांडीवर घेऊन बसलो. खरं सांगतो, रडूसुद्धा आलं नाही, इतका थकलो होतो. घड्याळ बघायचो आणि उमापूरचा तो आवाज आठवायचा.

ताबा मिळाला तोवर ऊन चढलं होतं. जीपच्या मागच्या बाजूला त्यांना ठेवलं. रस्ताभर मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून होतो. लाकूड. कलीम आरशातून बघायचा. एकदाच म्हणाला, "भाऊ, घरी गरम पाणी टाकायला सांगू का? पुढं बूथ हाय." मी म्हटलं, सांग.

घरी माणसं जमलीच होती. समाधीची जागा खणून झालेली. देवघराच्या खोलीत आप्पांना खाली ठेवलं. अय्यांनी पायाच्या गाठी सोडल्या, गरम पाण्यानं गुडघे शेकले, चोळले, हळू दाबून बघितलं. परत शेकलं. मग माझ्याकडं बघितलं आणि उठले.

"उद्यापर्यंत थांबलं तर अंग आपोआप सैल पडंल," ते म्हणाले.

पण भावकीतली म्हातारी माणसं ऐकेनात. मढं रात्रभर घरात ठेवायचं न्हाई म्हणजे न्हाई. मी हातापाया पडलो. त्यातले एक काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "शिवा, गेलेल्याला काय दुखतं का? चौघं जण धरू, तू बाहेर थांब. तुला बघायचं न्हाई."

मी त्यांना नाही म्हणू शकलो नाही. खरं म्हणजे हो पण म्हणालो नाही. नुसता उभा राहिलो, आणि त्यांनी त्याचं हो धरलं. चौघं धोतराचे सोगे खोचायला लागले.

तेवढ्यात आई म्हणाली, "जरा समदे बाहेर व्हा. मला त्यांच्यापाशी बसू द्या. मग काय ते करा." आणि माझ्या हातातलं जॅकेट तिनं डाव्या हातानं ओढून घेतलं. "गारठून गेलेत ते."

सगळे बाहेर आलो. त्या खोलीला दार एकच, खिडकीला गज. दार ओढून घेतलं. मी उंबऱ्याला टेकून बसलो, शेजारी कलीम. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढं प्रत्येक जण मला विचारतो, की मागच्या दारानं कुणी गेलं असेल. मागचं दार नाही हो त्या खोलीला! अजूनही नाही, येऊन बघा.

आतून काहीच आवाज नव्हता. रडण्याचा पण नाही. मी मनात एवढंच म्हणत होतो, आप्पा, मला माफ करा, मी कबूल केलं होतं...

आणि चेनीचा आवाज आला. खालपासून वरपर्यंत, एका दमात.

कलीमनं माझा दंड धरला. त्यानं पण ऐकलं होतं.

मग आईची हाक. "शिवा, ये आत."

आप्पा भिंतीला पाठ लावून बसले होते. मांडी घातलेली. जॅकेट अंगात, चेन गळ्यापर्यंत, कॉलर वर. दोन्ही हात पुढं गुडघ्यांवर, बाही बरोब्बर मनगटावर. मान जराशी झुकलेली, दुकानात डुलकी लागली की झुकायची तशी. आई समोरच्या कोपऱ्यात देव्हाऱ्यापुढं बसलेली, डाव्या हाताच्या बोटांना विभूती, उजवा हात प्लॅस्टरमध्ये मांडीवर.

"कुणी बसवलं, आई?"

"कोण बसवंल? मी कोट पांघरला, आन् विभूती घ्यायला वळले. पाठीमागं चेन वाजली."  मग माझ्यावरच चिडल्यागत म्हणाली, "त्यांना बसायची सवय हाय. तुमी कशाला सकाळपासून झोपवून ठेवलतं?"

ते चौघं दारात येऊन थांबले. त्यातले ते काका खोचलेला सोगा सोडत राहिले.

अय्यांनी विभूती लावली. मग अवघडून म्हणाले, "शिवाप्पा, चामडं मात्र काढावं लागंल. समाधीत चालायचं न्हाई."  हात ताठ असले, तर? कापावं लागलं, तर? मी पुढं बसलो आणि चेनीला हात घातला. जी चेन मला कधी म्हणजे कधी लागली नव्हती की उघडली नव्हती, ती एका बोटानं खाली आली. आणि आप्पांचा हात बाहीतून बाहेर आला, सैल. मग दुसरा. रोज संध्याकाळी द्यायचे तसे दिले त्यांनी.

तेव्हा मला रडू फुटलं. चारचौघात, मोठ्यानं. माझा हात जॅकेटच्या आत गेला होता. अस्तर गरम होतं. माणूस सकाळी चहाच्या वेळेला गेलेला, थंडीचे दिवस, अंग बर्फासारखं. आणि अस्तर असं गरम, की कुणीतरी आत्ताच काढून दिलेलं.

उन्हं उतरायच्या आत समाधी झाली. बसून झाली.

आता कारणं. भगवानराव म्हणाले, जीपच्या हादऱ्यानं अंग मोकळं झालं असंल. ओळखीचे डॉक्टर म्हणाले, शेकल्यावर ताठरपणा जातो, कमी-जास्त वेळ लागतो. बरं, मानलं. मी वाद घालत नाही, तेवढा दम राहिला नाही. पण मी विचारतो, की एका हाताच्या म्हातारीनं एवढा माणूस उचलून बसवला कसा, बाह्यांत हात घातले कसे, आणि ती चेन लावली कशी? मग डॉक्टर म्हणतात, दुःखात माणसाला ताकद येते. भगवानराव विमानाचं काहीतरी सांगायला लागतात. आईला मी पुढं बऱ्याचदा विचारलं. ती तेच आणि तेवढंच सांगायची. पुढं काही वर्षांनी ती गेली, घरातच, माझ्या हातावर. तिला मी लगेच बसवलं.

जॅकेट अजून आहे. परवा मुलगा पुण्याहून आला होता. म्हणाला, पप्पा, असल्या जुन्या जॅकेटांना शहरात लई मागणी आहे, देऊन टाकू. मी म्हटलं, बसून घालून बघ, चेन लागली तर घेऊन जा. त्यानं घातलं. माप बरोब्बर. चेन काही लागली नाही.

मला पण लागत नाही. मीही आता आप्पांच्या वयाला आलो, जिना चढलो की धाप लागते. थंडी पडली की पेटीतून जॅकेट काढतो, कसर लागू नये म्हणून झटकतो आणि आत हात घालून बघतो. गार असतं. चामडं गारच असतं. त्या एका दिवशी ते गरम का होतं, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही, आणि मी विचारणंही सोडून दिलंय. मी शब्द दिला होता आणि तो पाळायची माझ्यात ताकद उरली नव्हती. आप्पांना मोडावं लागलं नाही. ते आपले आपण उठून बसले.